गुळाच्या पाकातील ज्वारीच्या लाह्या : चार ठिकाणी पाणी सांभाळा

(महिला शेतकरी प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



ज्वारीच्या लाह्या आपल्याला नव्या नाहीत. नागपंचमीला लाह्या फोडण्याची रीत आपल्या बहुतेक घरांत आहे. गुळाचा पाकही नवा नाही. संक्रांतीला तिळाचे लाडू आणि शेंगदाण्याची चिक्की करणाऱ्या हातांना पाक कसा ओळखायचा हे शिकवण्याची गरज नाही. मग आजच्या विषयासाठी वेगळा तास कशाला, असे कोणालाही वाटेल.

त्याचे कारण असे, की घरी चार दिवसांत संपणारा पदार्थ आणि पाकिटात भरून दुकानात महिनाभर टिकवायचा पदार्थ यांत फार फरक असतो. अनेक बचत गट पहिल्या वर्षी उत्साहाने लाह्यांचे गोड मिश्रण करतात. नमुना चांगला होतो, लोक आवडीने खातात. पुढे पावसाळा येतो, पाकिटातील लाह्या एकमेकींना चिकटतात, मऊ पडतात, शेंगदाण्याला खवट वास येतो आणि दुकानदार माल परत करतो. मग दोष कोणाचा यावर गटात कुरबुर सुरू होते. कोणी म्हणते गूळ वाईट होता, कोणी म्हणते पाक कच्चा राहिला. बहुतेक वेळा खरे कारण एकच असते, ते म्हणजे पाणी. दाण्यातील पाणी, लाहीतील पाणी, पाकातील पाणी आणि पाकिटात शिरलेले पाणी. ही चार ठिकाणे सांभाळली तर पदार्थ बिघडत नाही. म्हणून आजची सगळी माहिती या चार ठिकाणांच्या क्रमाने सांगणार आहे.

लाही का फुटते?

ज्वारीच्या दाण्याला बाहेरून घट्ट साल असते. सालीच्या आत पिठूळ भाग असतो. त्याची बाहेरची कड काचेसारखी कठीण आणि मधला गाभा पांढरा व मऊ असतो. दाण्यात थोडे पाणी असतेच. दाणा एकदम खूप तापला की या पाण्याची वाफ होते. साल अखंड असेल तर वाफेला बाहेर पडायला वाट मिळत नाही, आतील दाब वाढत जातो आणि पिष्ट मऊ होते. शेवटी साल फाटते, मऊ झालेले पिष्ट फुगून बाहेर येते आणि लगेच वाळते. तीच लाही.

यावरून तीन गोष्टी ध्यानात येतील. पाणी कमी असेल तर दाब तयार होत नाही आणि दाणा नुसता भाजतो. पाणी जास्त असेल तर साल मऊ होऊन लवकर फाटते आणि लाही लहान, चिवट होते. साल तडकलेली असेल तर वाफ निसटते आणि दाणा गणंग राहतो.

पहिले ठिकाण : शेत आणि खळे

मी शेतीविद्या शिकवतो, त्यामुळे स्वयंपाकघराआधी शेताकडे वळतो. लाहीचा दर्जा बराचसा शेतातच ठरतो.

भाकरीला उत्तम असलेली ज्वारी लाहीलाही उत्तम असेलच असे नाही. आपली मालदांडी ३५-१ मोहोळ येथे स्थानिक मालदांडीतून निवडलेली. भाकरीसाठी तिला तोड नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु लाहीसाठी बारीक, गोल, कठीण दाण्याची ज्वारी अधिक चांगली फुलते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने खास लाह्यांसाठी 'फुले पंचमी' हा वाण दिला आहे. गटातील एखादीने घरच्या कामापुरते दोन-चार गुंठे असा वाण घेतला तरी सुरुवातीला पुरेसे होते.

घरात असलेली ज्वारी लाहीला चालेल का, हे पाहण्याची सोपी रीत आहे. पाच-सहा दाणे ब्लेडने मधोमध कापून पाहावेत. कडेचा काचेसारखा भाग रुंद आणि पांढरा गाभा लहान असेल तर लाही चांगली होण्याची शक्यता अधिक. सगळा दाणा पांढरा, पिठूळ दिसला तर ती ज्वारी भाकरीसाठी ठेवावी.

काढणी व मळणीच्या वेळी पुढील काळजी घ्यावी.

१. दाणा पूर्ण पक्व होऊन कठीण झाल्यावरच कणसे काढावीत. काढणीच्या वेळी पावसात भिजून काळी पडलेली किंवा बुरशी आलेली ज्वारी लाह्यांसाठी मुळीच घेऊ नये.

२. मळणी यंत्राचा वेग जास्त असेल तर दाण्याची साल तडकते. भाकरीला ते खपते, लाहीला खपत नाही. लाहीच्या ज्वारीसाठी यंत्राचा वेग कमी ठेवावा किंवा थोडी कणसे काठीने बडवून दाणे वेगळे काढावेत.

३. साठवणीपूर्वी ज्वारी चांगली वाळवावी. दाताखाली दाणा कट् असा आवाज करून फुटला पाहिजे. दाण्यात १२ टक्क्यांहून अधिक ओलावा राहिला तर कीड आणि बुरशी दोन्ही वाढतात.

४. पेरणीतून उरलेले, औषध लावलेले बियाणे कितीही धुतले तरी खाण्यासाठी वापरू नये. घरात अशी पिशवी असेल तर ती वेगळी, कुलपात ठेवावी. साठवणीत किडीसाठी विषारी वायूच्या गोळ्या वापरलेले धान्यही पुरेसे दिवस उघड्यावर हवा दिल्याशिवाय घेऊ नये.

दुसरे ठिकाण : लाही फोडण्यापूर्वीचा ओलावा

साठवणीसाठी आपण दाणा वाळवतो आणि लाहीसाठी त्याला पुन्हा थोडे पाणी द्यावे लागते. आपल्या आजी ज्वारीवर गरम पाणी घालून, निथळून, रात्रभर फडक्यात बांधून ठेवत. त्यामागे हेच शास्त्र आहे. फक्त त्या रीतीत पाणी किती शिरले याचा अंदाज दर वेळी वेगळा येतो. विक्रीचा माल करताना माप ठरलेले असावे.

साधारणपणे १५ टक्क्यांच्या आसपास ओलावा असलेली ज्वारी चांगली फुटते. घरची वाळलेली ज्वारी ११ टक्के ओलाव्याची धरली तर १ किलो ज्वारीला सुमारे ४७ मिलिलिटर पाणी लागते. म्हणजे ५ मिलिलिटरचे साडेनऊ चमचे. ज्वारी निवडून घट्ट झाकणाच्या डब्यात घ्यावी, पाणी शिंपडावे, हाताने चोळून सगळीकडे लावावे आणि झाकण लावावे. पहिल्या दोन तासांत तीन-चार वेळा डबा हलवावा. मग रात्रभर तसाच ठेवून सकाळी लाह्या फोडाव्यात.

ओलावा मोजण्याचे यंत्र नसेल तर पुढीलप्रमाणे चाचणी करावी. तीन बरण्यांत प्रत्येकी १०० ग्रॅम ज्वारी घ्यावी. पहिल्या बरणीत ३, दुसरीत ५ व तिसरीत ७ मिलिलिटर पाणी घालावे. त्यासाठी औषधाच्या बाटलीसोबत येणारे मापाचे झाकण उपयोगी पडते. दुसऱ्या दिवशी प्रत्येक बरणीतील १०० दाणे मोजून वेगवेगळे फोडावेत. ज्या बरणीतील सर्वांत जास्त दाणे फुटतील ते त्या ज्वारीचे माप. ते डब्यावर लिहून ठेवावे. तिन्ही बरण्यांत ८० पेक्षा कमी दाणे फुटले तर ती ज्वारी लाह्यांसाठी घेण्यात अर्थ नाही.

फोडताना जाड लोखंडी कढई मोठ्या आचेवर चांगली तापवावी. चार-पाच दाणे टाकून पाहावेत. ते काही क्षणांतच तडतडले पाहिजेत. मग एका वेळी मूठभरच ज्वारी टाकावी, जाड सुती फडक्याच्या बोळ्याने सतत फिरवावी आणि वर जाळी धरावी. कढई थंड असेल किंवा ज्वारी जास्त टाकली तर दाणा हळूहळू तापतो, पाणी निघून जाते आणि लाही होत नाही. लाह्या गार झाल्यावर चाळणीने चाळून सगळे गणंग काढावेत. एक गणंग एखाद्याचा दात दुखवायला पुरेसा असतो आणि त्या एका दाण्यामुळे ते गिऱ्हाईक कायमचे जाते. गणंग दळून कोंबड्यांच्या किंवा जनावरांच्या खाद्यात घालता येतात.

साहित्य

एका घाण्यासाठी पुढील प्रमाण घ्यावे.

ज्वारीच्या लाह्या : १५० ग्रॅम (यासाठी सुमारे २०० ग्रॅम ज्वारी धरावी)
भाजून सोललेले शेंगदाणे : १०० ग्रॅम
डाळं : ७५ ग्रॅम
भाजलेले तीळ : २५ ग्रॅम
चिक्कीचा गूळ : २५० ग्रॅम
तूप : २५ ग्रॅम
पाणी : ५० मिलिलिटर
सुंठपूड किंवा वेलचीपूड : १ चमचा
खाण्याचा सोडा : पाव चमचा
मीठ : चिमूटभर

यातून सुमारे ६०० ग्रॅम मिश्रण तयार होते. हौस म्हणून थोड्या ज्वारीऐवजी राजगिऱ्याच्या लाह्या घेता येतात.

हे मिश्रण एकत्र करण्यामागे चवीशिवाय आणखी एक कारण आहे. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हा आवश्यक घटक कमी असतो. हरभऱ्याच्या डाळ्यात तो चांगल्या प्रमाणात असतो. तिळातून चुना, म्हणजे कॅल्शियम मिळते. तृणधान्य, कडधान्य आणि तेलबिया एकत्र आल्या की एकीची उणीव दुसरी भरून काढते.

शेंगदाणे निवडताना हयगय करू नये. सुरकुतलेले, काळपट, कडवट किंवा बुरशीचा अंश असलेले दाणे एकेक करून काढावेत. शेंगदाण्यावरील एका बुरशीपासून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. ते यकृताला घातक असते आणि भाजल्याने पूर्णपणे नाहीसे होत नाही. स्वस्त मिळाले म्हणून खराब दाणे भाजून, कूट करून खपवणे हा गुन्हा आहे, आणि ते खाणारी मुले बहुधा आपल्याच गावातील असतात.

तिसरे ठिकाण : पाक

गुळात साखरेबरोबर ग्लुकोज व फ्रुक्टोज या साखराही असतात. त्या हवेतील ओलावा ओढून घेतात. जुना, ओघळलेला किंवा आंबूस वासाचा गूळ वापरला तर या साखरा जास्त असल्यामुळे पाक कितीही उकळला तरी कुरकुरीत राहत नाही. म्हणून घट्ट, कोरडा, फोडल्यावर कणीदार दिसणारा गूळ घ्यावा. लखलखीत पिवळ्या रंगाला भुलू नये. रंग उजळण्यासाठी गुळात रसायने घातली जातात. चांगला गूळ थोडा गडद असला तरी चालतो.

जाड बुडाच्या मोठ्या पातेल्यात गूळ किसून घ्यावा. पाणी घालून मंद आचेवर विरघळवावा आणि फडक्यातून गाळावा. पातेले धुऊन पुसून गाळलेला गूळ पुन्हा त्यात घ्यावा, तूप घालून मध्यम आचेवर उकळावा. शेजारी ताटलीत थंड पाणी ठेवावे आणि थोड्या थोड्या वेळाने पाकाचा थेंब त्यात टाकून पाहावा.

थेंब विरघळला तर पाक कच्चा आहे. बोटांनी मऊ गोळी वळता आली तर तो गोळीबंद पाक. लाडू लगेच खायचे असतील तर तेवढा पुरतो. परंतु सुट्या, कुरकुरीत लाह्यांसाठी त्याहून पुढे जावे लागते. थेंब ताटलीत टाकल्यावर टण् वाजला पाहिजे आणि बाहेर काढून मोडला तर काचेसारखा कट् मोडला पाहिजे. दाताला चिकटता कामा नये. तापमापक असेल तर हे १४० अंश सेल्सिअसच्या आसपास येते. तेथून पुढे गूळ लवकर करपतो आणि कडवट होतो, म्हणून या वेळी पातेल्यापासून हलू नये.

पाक उकळतो म्हणजे त्यातील पाणी निघून जाते. पाणी जितके कमी तितके उकळण्याचे तापमान जास्त. कच्चा पाक म्हणजे पाण्याचा पाक. तेच पाणी पुढे लाहीत शिरते आणि तिला मऊ करते.

आच बंद करून मीठ, सुंठ व सोडा घालून ढवळावे. सोड्याने पाक फसफसून वर येतो आणि हलका होतो, म्हणून पातेले मोठे असावे. लाह्या, दाणे, डाळं व तीळ आधीच एका परातीत घालून मंद आचेवर कोमट करून ठेवावे. थंड लाहीवर पाक पडला तर तो जागीच गोठतो आणि गोळे होतात. पाक सगळीकडे ओतून दोन लाकडी उलथन्यांनी झरझर वर-खाली करावे. मिश्रण तूप लावलेल्या ताटांत पातळ पसरावे आणि कोमट असतानाच मोकळे करावे.

येथे एक सूचना कळकळीने करतो. पाक उकळत्या पाण्यापेक्षा खूप जास्त गरम असतो आणि तो कातडीला चिकटून बसतो. काम चालू असताना लहान मुलांना चुलीजवळ येऊ देऊ नये. लुगड्याचा पदर, ओढणी खोचून घ्यावी. भाजलेच तर लगेच भाग वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटे धरावा. शाई, हळद, दंतमंजन असे काहीही लावू नये. फोड मोठा असेल तर दवाखान्यात जावे.

चौथे ठिकाण : पाकीट

मिश्रण पूर्ण गार झाल्याशिवाय भरू नये. कोमट असताना भरले तर आत वाफ जमते आणि पाण्याचे थेंब होतात. परंतु गार झाल्यावर उघडेही ठेवू नये, कारण लाही हवेतील ओलावा फार लवकर ओढते. गार झाले की लगेच घट्ट डब्यात किंवा पाकिटात भरावे. पावसाळ्यात हे काम पाऊस उघडलेल्या दिवशी, दारे बंद करून करावे. साध्या पातळ पिशवीतून ओलावा हळूहळू शिरतो. विक्रीसाठी जाड, ओलावा अडवणारी पाकिटे घ्यावीत आणि तोंड उष्णतेने बंद करावे. शेंगदाणा आणि तीळ यांतील तेल उजेडाने व उष्णतेने खवट होते, म्हणून पाकिटे उन्हात मांडू नयेत.

पदार्थ किती दिवस टिकतो हे दुसऱ्याच्या पाकिटावरून उतरवू नये. प्रत्येक घाण्यातील चार पाकिटे बाजूला ठेवावीत. दर आठवड्याला एक फोडून चव, वास व कुरकुरीतपणा पाहावा आणि वहीत नोंद करावी. पावसाळ्यातील नोंद उन्हाळ्याहून वेगळी येईल. ज्या आठवड्यात फरक जाणवला त्याच्या पुरेशी आधीची तारीख पाकिटावर घालावी.

विक्रीसाठी अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी करून घ्यावी आणि १४ अंकी क्रमांक पाकिटावर छापावा. पदार्थाचे नाव, वजनाच्या उतरत्या क्रमाने घटक, निव्वळ वजन, तयार केल्याची व वापरण्याची अंतिम तारीख, किंमत व गटाचा पत्ता लिहावा. शेंगदाणा व तीळ असल्याचे ठळक लिहावे, कारण काही लोकांना त्यांची तीव्र ॲलर्जी असते. लेबलाचे सध्याचे नियम कृषी विज्ञान केंद्रात विचारून मगच छपाई करावी.

स्वतःची मजुरी धरा

आता हिशेब. उदाहरणादाखल धरू, की चार भगिनी पाच तास बसून दहा घाणे काढतात. माल झाला ६ किलो. ज्वारी लागली २ किलो, गूळ अडीच किलो. आणि श्रम लागले २० तास. तासाला ५० रुपये मजुरी धरली तर १,००० रुपये झाले. म्हणजे एका किलोमागे सुमारे १६७ रुपये आणि १०० ग्रॅमच्या पाकिटामागे जवळजवळ १७ रुपये फक्त मजुरीचे. तुमच्या गावातील ज्वारीचा भाव याच्याशेजारी मांडून पाहा, म्हणजे या पदार्थात सर्वांत महाग वस्तू कोणती ते कळेल. ती म्हणजे तुमचा वेळ.

गट बहुधा ज्वारी, गूळ, दाणे, सरपण आणि पाकीट यांची बेरीज करतात, वर दोन रुपये नफा ठेवतात आणि माल खपला म्हणून समाधान मानतात. तो माल खपतो, कारण बायांची मजुरी त्यात फुकट गेलेली असते. दुसऱ्या वर्षी गट का मोडतो, याचे उत्तर येथे असते. म्हणून किमतीत कच्चा माल, इंधन, पाकीट, मजुरी, परत येणारा माल आणि दुकानदाराचे कमिशन या सहाही बाबी धराव्यात. त्या किमतीला माल जात नसेल तर सणापुरता, मागणीप्रमाणे करावा. तोट्यात वर्षभर करू नये.

काही नेहमीचे प्रश्न

गूळ आहे, मग मधुमेही माणसाला चालेल का? नाही. या मिश्रणाच्या वजनात पाच भागांपैकी दोन भाग गूळ आहे. गूळही साखरच आहे. 'पौष्टिक' लिहिताना 'मधुमेहींसाठी योग्य' असे लिहिणे ही फसवणूक होईल.

लहान मुलांना द्यावे का? पाच वर्षांखालील मुलांना अख्खा शेंगदाणा देऊ नये. तो श्वासनलिकेत अडकू शकतो. त्यांच्यासाठी दाण्याचा व डाळ्याचा बारीक कूट करून, मऊ पाकाचे लाडू करावेत. मोठ्या मुलांनाही मूठभर पुरे. हा खाऊ आहे, जेवण नव्हे.

साखर वापरली तर? पाक अधिक कुरकुरीत होतो, पण गुळाचा स्वाद जातो. लिंबाचे थेंब घालण्याची सवय असेल तर गुळाच्या पाकात ते घालू नयेत, चिकटपणा वाढतो.

शेवटी

भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले. शहरांत ज्वारीचे नाव पुन्हा घेतले जाऊ लागले. परंतु नाव घेतल्याने कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात पैसा येत नाही. तो दाण्याचे काहीतरी करून विकल्याने येतो, आणि तेसुद्धा ते दुसऱ्यांदा मागितले गेले तरच.

येत्या आठवड्यात प्रत्येकीने एवढेच करावे. घरातील ज्वारीचे पाच दाणे कापून पाहावेत, तीन बरण्यांची चाचणी घ्यावी आणि कोणत्या बरणीतील किती दाणे फुटले ते लिहून आणावे. पुढील वर्गात आपण त्या आकड्यांवरून कोणाची ज्वारी लाहीला आणि कोणाची भाकरीला, हे ठरवू आणि मगच चूल पेटवू.